फॉर्मेट नको, आधी जुना ड्रायव्हर काढा



या अंकात आम्ही निकालावर किंवा शिस्तीवर लिहिणार नाही. शाळेच्या संगणक कक्षातील एका लहानशा कामावर लिहिणार आहोत. संगणकातले ग्राफिक्स कार्ड बदलले की जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकावा, एवढाच विषय आहे. प्राचार्यांनी एवढ्या बारीक गोष्टीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण हे बारीक काम न झाल्यामुळे गेल्या वर्षी शाळेचे जे गेले ते पैशाने परत येणारे नाही, म्हणून पडावे लागते.

झाले ते असे. आपल्या कक्षात १२ संगणक आहेत. त्यांपैकी चार संगणकांच्या मदरबोर्डवरची, पडद्यावर चित्र पाठवणारी सोय बंद पडलेली आहे. डोईफोडियात लाईट कशी येते-जाते हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे त्यात नवल नाही. अशा संगणकाला वेगळे ग्राफिक्स कार्ड लावले की तो पुन्हा कामाला येतो. आधीची कार्डे एएमडी कंपनीची होती आणि एकेक करून खराब होत चालली होती. पुण्यात नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने एनव्हिडिया कंपनीची चार वापरलेली कार्डे आपुलकीने पाठवली. दिवाळीच्या सुट्टीत ती बसवली गेली. दोन संगणक लगेच चालू लागले. तिसरा विंडोजचे चिन्ह दाखवून काळा पडू लागला. चौथा चाले, पण दर पाच-दहा मिनिटांनी पडदा विझे आणि परत येई.

दुरुस्तीवाले आले. त्यांनी तिसरा संगणक पाहिला आणि आपल्या भागात सर्वांच्या ओळखीचे वाक्य बोलले, "फॉर्मेट मारावा लागेल." तासाभरात मारलाही. संगणक चालू झाला. पण सी ड्राइव्हवरचे सगळे गेले, म्हणजे डेस्कटॉपवरचे आणि माय डॉक्युमेंट्समधलेही. त्या डेस्कटॉपवर नववीच्या मुलींनी घरोघरी आजींकडे बसून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, काही टाईप केलेल्या आणि काही आवाजाच्या फायली. मोबाईलवरची मूळ ध्वनिमुद्रणे जागा करण्यासाठी केव्हाच पुसली होती. ज्या आजींच्या ओव्या त्यात होत्या, त्यांतल्या एक आता हयात नाहीत. चार पिढ्यांपासून मध्यप्रदेशात राहून आपल्या घरात जी मराठी टिकली, ती त्या ओव्यांत होती.

चौथ्या संगणकाला मात्र दुरुस्तीवाल्यांचा हात लागायच्या आत सुट्टी संपली. अकरावीचा एक मुलगा आणि एक मुलगी यांनी तो हातात घेतला, सेफ मोडमध्ये जाऊन एएमडीचा जुना ड्रायव्हर काढला, एनव्हिडियाचा नव्याने टाकला आणि ४० मिनिटांत पडद्याचे विझणे थांबले. एकही फाईल गेली नाही. तिसऱ्यालाही हाच उपाय पुरला असता असे आम्हांस वाटते. सिद्ध करता येत नाही, कारण तपासायला काही शिल्लकच राहिले नाही.

दुरुस्तीवाल्यांवर आमचा राग नाही. दिवसाला दहा संगणक बघायचे तर कारण शोधत बसणे परवडत नाही. फॉर्मेटला ठरलेला वेळ लागतो आणि त्यानंतर संगणक बहुधा चालतोच. पण ज्यांचे काम त्या संगणकात आहे त्यांनी हा हिशेब आपला मानण्याचे कारण नाही. आपल्याकडची खंडवा-अकोला छोटी लाईन मोठी करायची म्हणून जुने रूळ उखडावे लागतात. त्यासाठी गाव उठवत नाहीत.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते पालकांसाठी सांगतो. मुलांना माहीत आहे. ग्राफिक्स कार्ड हे पडद्यावरचे चित्र तयार करणारे यंत्र. विंडोजला त्या यंत्राशी थेट बोलता येत नाही. यंत्र कसे चालवायचे ते जाणणारा एक छोटा प्रोग्राम मध्ये लागतो, तो ड्रायव्हर. प्रत्येक कंपनीचा वेगळा आणि पुष्कळदा प्रत्येक पिढीच्या कार्डाचा वेगळा. समजा घरचा ट्रॅक्टर विकून दुसऱ्या कंपनीचा घेतला. जुना ट्रॅक्टर गेला, पण त्याचा ड्रायव्हर ओसरीवर बसूनच आहे. सकाळी उठतो, चहा घेतो, किल्ली शोधतो. बरेच दिवस त्याचा त्रास होत नाही. एखाद्या दिवशी मात्र नव्या ड्रायव्हरच्या हातातले स्टिअरिंग तो धरायला जातो.

इथे एक खरी गोष्ट सांगणे भाग आहे, नाहीतर आमचे हुशार विद्यार्थी आम्हांस पकडतील. जे कार्ड संगणकात नाही त्याचा मुख्य ड्रायव्हर आजचे विंडोज सहसा चालू करत नाही. दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकाच संगणकात सुखाने नांदूही शकतात. कित्येक लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतातच. ही सोय नेहमी नव्हती. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या नव्या पद्धतीत एका वेळी एकाच प्रकारचा ग्राफिक्स ड्रायव्हर चाले. २००९ च्या विंडोज ७ पासून ही अडचण सुटली. म्हणून "जुना ड्रायव्हर राहिला की संगणक बिघडणारच" असे जे दुकानातून ऐकू येते तेही पूर्ण खरे नाही. आमच्याच चारांपैकी दोन संगणक काही न काढता चालले.

मग काढायचा कशाला? कारण ड्रायव्हर एकटा येत नाही. त्याच्याबरोबर कंट्रोल पॅनल येते, संगणक चालू होताच मागे सुरू होणाऱ्या सेवा येतात, आवाजाचा वेगळा ड्रायव्हर येतो, स्वतःला अद्ययावत करू पाहणारा प्रोग्राम येतो. कार्ड काढले तरी हे सारे जागेवर राहते आणि नसलेल्या कार्डाला हाका मारत बसते. चित्रे रंगवण्याचे किंवा व्हिडिओ जोडण्याचे प्रोग्राम सुरू होताना कोणकोणते ग्राफिक्स ड्रायव्हर नोंदलेले आहेत ते विचारतात. जुनी नोंद पुढे आली की तिथेच अडकतात. शिवाय जुन्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोके सापडलेली असतात आणि ती बुजवायला कोणी येत नाही. चोर लोक अशाच जुन्या, कंपनीची सही असलेल्या ड्रायव्हरांचा उपयोग करून संगणकाच्या गाभ्यात शिरतात. म्हणूनच मायक्रोसॉफ्टला घातक ड्रायव्हरांची वेगळी बंदीयादी ठेवावी लागते.

ड्रायव्हरला एवढे महत्त्व का, तर तो विंडोजच्या आतल्या खोलीत वावरतो. साधा प्रोग्राम कोसळला तर तो एकटा कोसळतो. ड्रायव्हर कोसळला तर सगळा संगणक निळा पडदा दाखवून बसतो. एका न्यायालयीन खटल्यात २००८ साली मायक्रोसॉफ्टची आतली कागदपत्रे उघड झाली. त्यांत २००७ मधल्या व्हिस्टाच्या नोंदलेल्या कोसळण्यांपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या खात्यावर होती. तेव्हापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली, पण आतली खोली आतलीच आहे.

१९ जुलै २०२४ चा दिवस पुष्कळांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या, विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरला एक सदोष फाईल मिळाली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो ड्रायव्हर ग्राफिक्सचा नव्हता, पण धडा आमच्या तिसऱ्या संगणकाचाच आहे. ठिकठिकाणच्या तंत्रज्ञांना उपाय काय सांगितला गेला? संगणक सेफ मोडमध्ये चालू करा, ती एक फाईल काढा, पुन्हा चालू करा. ८५ लाख संगणक फॉर्मेट करा असे कोणी म्हटले नाही. विमान कंपनीच्या संगणकाला जी काळजी मिळते ती नववीच्या मुलींच्या संगणकाला का मिळू नये, हा आमचा साधा प्रश्न आहे.

काम कसे करायचे ते आता क्रमाने सांगतो. घरी संगणक असलेल्या पालकांनाही उपयोगी पडेल. मध्यप्रदेश शासन बारावीच्या गुणवंतांना लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये देते; लॅपटॉप घरात आला की जुना डेस्कटॉप धाकट्या भावंडाकडे जातो आणि मग त्यात कार्ड बदलण्याचे उद्योग सुरू होतात.

कॅबिनेट उघडण्याच्या आधी निम्मे काम झालेले असावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन जुन्या कार्डाचे पूर्ण नाव वहीत लिहावे. नव्या कार्डाचा ड्रायव्हर त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावा. "सर्व ड्रायव्हर मोफत" असे सांगणारी इतर ठिकाणे टाळावीत; तिथून ड्रायव्हरबरोबर दुसरेच पाहुणे येतात. या फायली पुष्कळ मोठ्या असतात आणि आपल्याकडे नेट कसे चालते ते सांगायला नको, म्हणून हे आदल्या दिवशी करावे. मुलांचे काम दुसऱ्या डिस्कवर उतरवावे. डी ड्राइव्हवर ठेवले म्हणजे सुरक्षित झाले असे समजू नये. फॉर्मेटमधून ते बहुधा वाचेल, पण डिस्कच गेली तर दोन्ही जातात. विंडोजच्या संगणकावर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून घ्यावी. २०२४ च्या त्या गोंधळात अनेकांचा दिवस ही किल्ली शोधण्यातच गेला.

मग नेट तोडावे. ही पायरी बहुतेक जण विसरतात. नेट चालू असेल तर तुम्ही ड्रायव्हर काढताच विंडोज अपडेट मागच्या दाराने स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवते आणि तुम्हाला वाटते की काढलेला गेलाच नाही. त्यानंतर सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीतून, आणि जुन्या विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलमधून, जुन्या कार्डाचे सॉफ्टवेअर रीतसर अनइन्स्टॉल करावे. या वेळी यूपीएस चांगला हवा. अर्ध्यात लाईट गेली तर अर्धवट काढलेला ड्रायव्हर न काढलेल्यापेक्षा वाईट. संगणक पूर्ण बंद करावा, वायर काढावी, पॉवरचे बटण काही क्षण दाबून धरावे आणि मग कार्ड बदलावे.

पहिल्यांदा चालू केल्यावर अक्षरे मोठी आणि चित्र भोंगळ दिसेल. घाबरू नये. विंडोज त्या वेळी स्वतःच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालत असते, एवढाच त्याचा अर्थ. काहीच दिसले नाही तर आधी मॉनिटरची केबल नव्या कार्डात लावली आहे की सवयीने मदरबोर्डात, ते पाहावे. (ही चूक शहरातले इंजिनिअरही करतात, असे आमच्या माजी विद्यार्थ्याने लिहिले आहे.) त्यानंतर पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हर टाकावा, संगणक पुन्हा चालू करावा आणि शेवटी नेट जोडावे.

एवढ्याने दहापैकी बहुतेक प्रसंग निभतात. तरीही पडदा विझत राहिला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याची सोय असते. जुन्या कार्डाची नोंद तिथे फिक्या रंगात दिसते. ती काढताना ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढावे या खुणेवर टिक करावी. त्याच्याही पुढे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा मोफत प्रोग्राम आहे, ज्याला मुले डीडीयू म्हणतात. तो सेफ मोडमध्ये, नेट तोडून चालवायचा असतो. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केले की विंडोज १० आणि ११ मध्ये सेफ मोडची वाट मिळते. एएमडीने स्वतःचाही सफाईचा प्रोग्राम दिलेला आहे.

आमच्या मुलांना डीडीयूचे फार वेड लागले आहे. ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली की चालव डीडीयू! याला आमचा विरोध आहे. त्याच कंपनीचे कार्ड आणि त्याच ड्रायव्हरमध्ये बसणारे असेल तर काही काढण्याची गरज बहुधा पडतच नाही. वरून नवा टाकला की भागते. कंपनी बदलली, किंवा साधे अनइन्स्टॉल पुरले नाही, तरच झाडू मोठा घ्यावा. आणि विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात शिरून हाताने फायली पुसणे तर कोणीच करू नये, मग मोबाईलवरच्या व्हिडिओत कोणी काहीही सांगो.

विश्वस्त मंडळाशी आता पैशाचे बोलतो. मंडळातील एका ज्येष्ठांनी सर्व संगणक वार्षिक देखभालीच्या करारावर द्यावेत असे सुचवले आहे. हेतू उत्तम आहे. करार करावा, पण त्यात एक अट लेखी असावी: शाळेच्या सहीशिवाय कोणताही संगणक फॉर्मेट होणार नाही. ही अट मान्य नसेल त्यांच्याशी करार नको.

दुसरे म्हणजे कार्ड घेताना किंमत दुसऱ्यांदा पाहावी, ड्रायव्हर पहिल्यांदा. जुन्या बाजारात जीटी ७१० सारखी कार्डे अजून स्वस्तात मिळतात. त्या पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाने मुख्य ड्रायव्हरमधून २०२१ साली वगळले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही २०२४ मध्ये थांबवल्या. जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांचेही नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, त्याही २०२८ पर्यंत. शिवाय मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक मागणारे कार्ड फुकट मिळाले तरी त्याच्यासाठी नवा पॉवर सप्लाय विकत घ्यावा लागतो, आणि मग ते फुकट राहत नाही. देणगीदारांचा मान राखून आम्ही सुचवतो की कार्ड पाठवण्याआधी त्याचे नाव कळवावे.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आपले बहुतेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. उद्या काही संगणकांवर लिनक्स टाकावे लागेल. तिथे एएमडीचे ड्रायव्हर मूळ प्रणालीतच येतात, एनव्हिडियाचे बहुधा वेगळे टाकावे लागतात, आणि कार्ड बदलले की ते वेगळे टाकलेलेच काढावे लागतात. म्हणजे हे काम शिकल्यावाचून सुटका नाहीच.

काही पालकांनी भीती व्यक्त केली की मुलांच्या हाती कॅबिनेट दिले तर ते बिघडवतील, आणि मुलींनी स्क्रूड्रायव्हर कशाला धरावा असेही एक-दोघांनी विचारले. पहिल्या प्रश्नाला चौथा संगणक हेच उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना आम्ही इतकेच सांगतो की त्या दोघांत सेफ मोड मुलीला ठाऊक होता, मुलाला नव्हता. ओव्या गेल्यावर सर्वांत जास्त रडल्या त्या मुलीच. ज्यांचे काम त्या संगणकात आहे त्यांनाच तो राखण्याचे ज्ञान असू नये, हे आम्हांस पटत नाही. अट एकच: वीज तोडलेली हवी आणि शिक्षक समोर हवेत.

येत्या सत्रापासून कक्षात एक जाड नोंदवही ठेवली जाईल. प्रत्येक संगणकाला दोन पाने. कार्डाचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, टाकल्याची तारीख, काढलेल्या जुन्या ड्रायव्हरचे नाव, प्रत कुठे ठेवली, आणि काम करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या सह्या. विश्वस्त मंडळाकडे आम्ही एक बाहेरची हार्ड डिस्क मागितली आहे. ती कार्यालयाच्या कपाटात राहील आणि दर शनिवारी तिच्यावर मुलांचे काम उतरवले जाईल. ओव्या गोळा करण्याचे काम मुलींनी पुन्हा सुरू केले आहे. ज्यांच्या घरी आजी किंवा पणजी आहेत त्यांनी रविवारी दुपारी मुलींना वेळ द्यावा ही विनंती. घरात जाते नसले तरी चालेल, आजींना आठवतात तशा सांगू द्याव्यात.